जोडी क्रमांक चौदा

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण रस्त्यावरून एकट्या माणसाची चारचाकी गेली की मला अजून चैन पडत नाही. पाच जणांची गाडी आणि आत एक! सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसतो, समोर भंडाऱ्याचा हायवे, आणि माझी मोजणी सुरू होते. बायको म्हणते, "चहा प्या ना आधी. गाड्या कुठं पळून जाऊन राहिल्या?" मी चहा विसरतो, आकडा विसरतो, पुन्हा पहिल्यापासून मोजतो. मोटरसायकलवर दोघं दिसले की बरं वाटतं, आणि मागे बाई बसलेली असली की लगेच नजर दुसरीकडे वळवतो. ते का, हे कधी कोणाला नीट सांगितलं नाही. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा म्हटल्यावर दुसरं काही सुचेना, म्हणून तेच लिहितो आहे.

मी पवनी रोडवरच्या एका कारखान्यात प्रशासन विभागात होतो. पितळेचे सुटे भाग बनवणारा कारखाना. प्रशासन म्हटलं की लोकांना केबिन आणि घंटी दिसते. प्रत्यक्षात माझ्याकडे गेट, कँटीन, पाण्याचे कूलर, कंपनीची बस आणि पार्किंग. यातलं जे बिघडेल ते माझं, आणि नीट चाललं तर ते कोणाचंच नाही.

पार्किंग म्हणजे आपण रेघा मारायच्या आणि लोकांनी त्यांच्यावर गाडी लावायची. बाहेरच्याला वाटतं, तीनशे माणसं तर तीनशे जागा, झालं काम. तसं नसतं. पहिली पाळी सुटते आणि दुसरी येते त्या वीस मिनिटांत दोन्ही पाळ्यांच्या गाड्या आवारात असतात, आणि सगळ्यांना घाई असते. शिवाय सावली. आमच्या आवारात मोहाचं एकच मोठं झाड होतं. उन्हाळ्यात त्याच्याखाली गाडी लागावी म्हणून लोक अर्धा तास आधी यायचे. मशीनवर वेळेत न येणारी माणसं सावलीसाठी वेळेआधी येतात, हे मी नोकरीत शिकलो. कोणाची गाडी कोणाशेजारी लागत नाही यावरून कोणाचं कोणाशी बिनसलंय तेही मला कळायचं. एकूण या विषयात मला थोडीफार घमेंड होती.

मग नवीन ऑफिसची इमारत झाली आणि मोठ्या साहेबांच्या मनात आलं, हिला हरित इमारतीचं प्रमाणपत्र पाहिजे. त्यासाठी पुण्याहून ऋता मॅडम सल्लागार म्हणून यायला लागल्या. मला वाटलं, छतावर सोलर, नळाला कमी पाणी, दोन झाडं, फोटो. माझा काय संबंध? पण मॅडम पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "बांते साहेब, इमारत कितीही हिरवी केली आणि माणसं एकेकटी पेट्रोल जाळत आली, तर काय उपयोग? लोक कामावर कसे येतात, यालाही गुण आहेत."

आणि ते गुण म्हणजे माझ्या आयुष्यभराच्या कामाच्या उलट. मी सगळी नोकरी जागा वाढवण्यात घालवली. मॅडम म्हणाल्या, जागा कमी करा. जागा जास्त असली की लोक गाड्या आणतात. दाराजवळच्या आणि सावलीच्या जागा मिळून येणाऱ्यांसाठी राखून ठेवा. आमच्याकडे कार कमी, मोटरसायकली जास्त, हे पाहून त्यांनी डबल सीट येणाऱ्यांचीही मोजणी मंजूर करून घेतली. मला बाई आवडल्या. माझे वडील जवाहरनगरला, आयुध निर्माणीत होते. क्वार्टरातली सगळी माणसं फॅक्टरीच्या बसने एकत्र जायची, एकत्र यायची, आणि त्याला कोणी हरित म्हणत नव्हतं. म्हटलं, हे तर आपल्याला येतं.

दाराजवळच्या जागांवर पाट्या लागल्या आणि गंमत सुरू झाली. खरेदी विभागाचे साहेब रोज एकटे कारने यायचे. त्यांची दारासमोरची जागा गेली. तिसऱ्या दिवशी पाहतो तर गाडी पुन्हा तिथेच, आणि शेजारच्या सीटवरून आमचा गेटवरचा चौकीदार उतरतो आहे. साहेब त्याला गेटवर बसवायचे आणि दाराशी उतरवायचे. तो बिचारा तेवढंच अंतर चालत परत जायचा. मी विचारलं तर चौकीदार म्हणाला, "मी काय करू जी? एसी लावून बसवून राहिले." मी लेखी ताकीद देणार होतो, पण हसू आवरेना.

खरी अडचण कागदाची होती. प्रमाणपत्रवाल्यांना पुरावा लागतो. किती लोक मिळून येतात, कोण कोणाबरोबर, आणि या योजनेची माहिती कामगारांना दिली का, त्याचा फोटो. मॅडमनी इंग्रजी फॉर्म दिला, मी वर मराठीत लिहिलं, "आपण कारपूल करता का?" फॉर्म परत आले ते जवळजवळ सगळे "नाही". फिटर गुलाब कापगते तर फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. वयाने पन्नाशीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस.

"साहेब, हा कोणता पूल होय? वैनगंगेवर नवा होऊन राहिला का?"

"अरे, पूल म्हणजे तो पूल नाही. तू गावातून कोणाला मागं बसवून आणतोस ना?"

त्याने फॉर्मची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "आणतो जी. पण तुमीच तं बोर्ड लावला होता, ट्रिपल सीट आले तं गेटपास जप्त. म्हून भेवानं सगळ्याइनं एकटाच लिवलं."

बोर्ड माझाच होता. मी तो काढला आणि घरी जाऊन नवीन फॉर्म लिहायला बसलो. आता मला शाळेपासून मराठीचा अभिमान. निबंधात बक्षिसं, कंपनीच्या सगळ्या सूचना माझ्या हातच्या. ठरवलं, पूल नको आणि पार्टनर नको, शुद्ध मराठी शब्द देऊ. मी रकाना लिहिला, "जोडीदाराचे नाव".

यावेळी फॉर्म भरून आले. त्यातल्या अकरा जणांनी बायकोचं नाव लिहिलं होतं. एकाने तर खाली कंसात "माहेरी गेली आहे" असंही लिहिलं. आम्ही ऑफिसात पोट धरून हसलो. मॅडमही हसल्या, पण मग म्हणाल्या, "बांते साहेब, सहप्रवासी लिहूया का?" मी म्हटलं, "मॅडम, सहप्रवासी एसटीच्या तिकिटावर शोभतो. आमच्या लोकांना जोडीदार समजतो." अकरा लोकांना काय समजलं ते माझ्या हातात होतं, तरी मी हे बोललो. तो शब्द तेव्हाच खोडला असता तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

अकरा जणांचे फॉर्म पुन्हा भरून घेतले. यादी तयार केली, वर ठळक अक्षरांत मथळा दिला, "जोड्यांची यादी", आणि प्रत्येकीला क्रमांक. जितक्या जोड्या लागत होत्या बरोबर तितक्याच भरल्या, एकही जादा नाही. यादी नोटीस बोर्डावर लावली, पुराव्यासाठी फोटो काढला. मी बोर्डासमोर उभा राहून दोनदा वाचली आणि मला ती छान वाटली.

त्यात चौदावी ओळ होती, "जोडी क्रमांक १४: गुलाब आणि वनिता."

वनिता आमच्या तपासणी विभागात होती. गोसीखुर्दच्या धरणात जुनं गाव गेलं, तेव्हा पुनर्वसनात वसलेल्या गावची सून. सरळ रस्ते, सारख्या आकाराचे प्लॉट, पण कंपनीची बस फाट्यापर्यंतच, गाव तिथून पाच किलोमीटर आत. गुलाब त्याच गावचा, तिच्या सासऱ्यांना काका म्हणणारा. तो तिला मागे बसवून आणायचा. वनिताचं काम पितळी भागांची मापं घेण्याचं. हातात व्हर्नियर असायचा, पण ती आधी अंगठा फिरवायची आणि सांगायची, "हा परत पाठवा, कडेले लागून राहिला." मग माप घेतलं की तिचंच बरोबर निघायचं. कंत्राटावर होती. हजेरी न चुकवता वर्ष पूर्ण केलं की कायम होणार होती, आणि दोन महिने उरले होते. सलग दहा दिवस खाडा झाला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, असा नियम. तोही मीच टाइप केला होता.

यादी लावली त्याच दुपारी कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला. संपूर्ण यादीचा नाही, मधल्या ओळी कापून फक्त मथळा आणि चौदावी ओळ. संध्याकाळपर्यंत तो गावात फिरला आणि दुसऱ्या दिवशी चिखल्याला पोचला. वनिताचा नवरा प्रकाश तिकडे मॅंगनीजच्या खाणीवरून माल नेणारा खासगी ट्रक चालवायचा, वसाहतीजवळ चौघांत एक खोली घेऊन राहायचा आणि पंधरा दिवसांनी घरी यायचा.

तिसऱ्या दिवशी गुलाब एकटा आला. मी गेटवरच होतो.

"वनिता कुठं आहे?"

"नाही येत म्हणते जी." त्याने गाडी स्टँडवर लावली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "साहेब, जोडी काहून लिवलं तुमी?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी धावत जाऊन ती यादी ओढून काढली. टाचण्या खाली पडल्या. तासाभरात "सहप्रवाशांची यादी" असा मथळा देऊन नवीन लावली. त्याने आणखी बिघडलं. लोक म्हणायला लागले, काढली म्हणजे काहीतरी असेलच.

मी प्रकाशला फोन केला. मनात होतं की तो शिव्या देईल, मग मी माफी मागेन, आणि प्रकरण मिटेल. त्याने शिव्या दिल्या नाहीत. म्हणाला, "साहेब, मले समजते जी. गुलाबभाऊ कसा आहे हे का मले मालूम नाही? पण खोलीतल्या पोराईले कोण समजावून सांगन? रोज विचारून राहिले, तुही जोडी कोणत्या नंबरची म्हणून." मी म्हटलं, मी येतो, त्यांना सांगतो. तो म्हणाला, "नका येऊ. अजून एक गोष्ट होईल त्याइले."

मग गावात गेलो. धान कापून झालं होतं, घराघरापुढे पेंढ्या रचलेल्या. वनिताच्या सासूबाई ओट्यावर सुपात धान पाखडत होत्या. मी जाताना भाषण तयार करून नेलं होतं. "जोडीदार या शब्दाचा अर्थ बरोबर असणारा, सोबती, असाही होतो," असं मी सुरू केलं. म्हातारीने सूप खाली ठेवलं.

"मले अर्थ नका सांगू बापा. गुलाब माह्या डोळ्यादेखत मोठा झाला. माह्या सुनेचं मी काय म्हणतो? काही नाही म्हणत. पण तुमी कागदावरून नाव काढान, लोकाईच्या तोंडातून कसं काढान?"

वनिता दारात उभी होती. तिने एकच विचारलं, "साहेब, बस गावात येऊ शकते का? बस आली तं मी उद्या येतो. बसमध्ये कोणी कोणाची जोडी नाही रायत."

मी म्हटलं, आणतो. अगदी ठामपणे म्हटलं. गाडीत बसल्यावर मनाशी मोजलं, खाड्याचे दहा दिवस व्हायला सहा उरले होते.

मोठ्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, मार्ग वाढवायचा तर कंत्राटदाराशी करार बदलावा लागेल, पुढच्या वर्षी बघू. मी दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. त्या दिवसांत माझं कशात लक्ष नव्हतं. सकाळी गेटवर उभा राहायचो, पवनीकडून येणारी प्रत्येक मोटरसायकल पाहायचो. टेबलाशी बसलो की उठून कॅलेंडरपाशी जायचो. आपल्या स्वतःच्या गाडीने तिला आणावं असं एकदा वाटलं, आणि लगेच लक्षात आलं, मग जोडी क्रमांक पंधरा होईल. नववा दिवस गेला, दहावा गेला. वनिताची मोजणी पहिल्यापासून सुरू झाली, म्हणजे नोकरीच संपली.

इथपर्यंत जे झालं ते चुकून झालं असं मी म्हणू शकतो. यापुढचं नाही.

पुढच्याच आठवड्यात तपासणी होती. ऋता मॅडमनी यादी मागितली, माझ्या सहीची. चौदावी ओळ खोडली तर जोड्या एकाने कमी पडत होत्या आणि त्या रकान्याचे गुण जात होते. कदाचित प्रमाणपत्रही एक पायरी खालचं मिळालं असतं. कदाचित नसतंही. मी मॅडमना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. निवृत्तीला चार महिने होते. इतकी वर्षं कूलर आणि कँटीन सांभाळल्यावर एक तरी चौकट भिंतीवर लागावी, जिच्यात माझा हात आहे, असं मला फार वाटत होतं. मी ओळ तशीच ठेवली आणि खाली सही केली.

मॅडम पार्किंग पाहायला आल्या. मोहाखालच्या राखीव जागांवर नंबर टाकलेले होते. सगळ्या भरलेल्या, चौदा नंबर रिकामा.

"हे कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"आज रजेवर आहेत," मी म्हटलं.

गुलाब रजेवर नव्हता. त्याची मोटरसायकल तिकडे पलीकडे, कुंपणाशी, उन्हात उभी होती. कागदावर ती सावलीची जागा त्याची होती, पण वनिता यायची थांबली त्या दिवसापासून त्याने तिथे गाडी लावली नाही. मी एकदा त्याला म्हटलं होतं, "अरे, लाव ना, जागा रिकामीच आहे." तो म्हणाला, "ते दोघाइची जागा आहे जी. मी एकटा आहे." माझ्यापेक्षा त्यालाच ती योजना नीट समजली होती.

प्रमाणपत्र आलं. पेढे वाटले, माझं भाषण झालं, फोटो निघाले. चौकट दाराजवळच्या भिंतीवर लागली. सत्कारात मोठे साहेब म्हणाले, बांते साहेबांनी माणसं जोडली. टाळ्या झाल्या. मी गुलाबला शोधत होतो, तो मागे उभा होता आणि टाळ्या वाजवत नव्हता. त्या दिवशी माझा पेढा मी चौकीदाराला दिला, हे खरं आहे, पण सही मी मागे घेतली नाही, हेही खरं आहे.

मी निवृत्त झाल्यावर वर्षाने कंपनीची बस त्या गावात जायला लागली. बसलाही गुण असतात, पुढच्या तपासणीला ते लागणार होते.

गेल्या हिवाळ्यात पवनीला एका लग्नाला गेलो होतो. परतताना धरणाच्या बाजूने निघालो. मासेमारांच्या संस्थेच्या संकलन केंद्रापुढे टोपल्या उतरत होत्या, आणि वजनकाट्यापाशी वनिता उभी होती. मला पाहून हात पुसत आली. मी पुढे निघून जावं की थांबावं हे ठरायच्या आत तिने "नमस्कार साहेब" म्हटलं. प्रकाश आता घरीच असतो, इकडचीच गाडी चालवतो, असं तिने सांगितलं. मागून एक जण टोपली काट्यावर ठेवत म्हणाला, "किती भरन, ताई?" तिने नुसतं पाहून वजन सांगितलं. काटा तिथेच थांबला. ती हसली, आणि मला तो पितळेवरून फिरणारा अंगठा आठवला.

मी म्हटलं, "वनिता, बस आता गावात येते. मी बोललो तर कदाचित..."

"नाही जी. आता इथंच बरं आहे. इथं पायीच येतो." मग तिने विचारलं, "साहेब, त्या यादीत माहं नाव अजून आहे का?"

खोटं बोलायची संधी होती आणि मला सवयही होती. पण या वेळी जमलं नाही. "आहे," मी म्हटलं. "फाइलमध्ये आहे. प्रमाणपत्रासोबत. मी काढलंच नव्हतं. मी आता लिहून देतो त्यांना, काढून टाका म्हणून. उद्याच देतो."

तिने काट्यावरची टोपली खाली उतरवली. मग पुढची टोपली ओढून घेत म्हणाली, "राहू द्या जी. तिथं तरी मी रोज डूटीवर येऊन राहिली."